पाप त्यांचं, उपास बाबांचा

भुसावळच्या फलाटावर मुंबईची गाडी लागली होती आणि माझ्यासाठीची प्रार्थना अजून व्हायची होती. मुंबईहून पुढे विमानानं आयर्लंड, नर्सची नोकरी. निम्मी रेल्वे कॉलनी मला सोडायला आली होती, म्हणजे पुढचं तुम्हा कॉलनीकरांनीही पाहिलंय. माझ्या मनात काय चाललं होतं, ते आज सांगते.

आमच्या ख्रिस्ती घरांत गावाला निघालेल्या माणसासाठी घरातला थोरला प्रार्थना करतो. थोरले म्हणजे मोठे काका. पण आजोबांच्या मातीला ते पिऊन आले आणि चारचौघांत त्यांनी बाबांच्या मुस्कटात मारली. पुढे दारू सुटली, देवळात गुडघे टेकून त्यांनी माफीही मागितली. बाबांनी मान हलवली, बोलणं मात्र टाकलं. बाबा रेल्वेत फिटर. गंजलेला नट सोडवतील, मनातली गाठ नाही.

तरी माणूस खरा. मनात अढी असताना प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली प्रभूच्या नावाची भाकर, घ्यायचं नाही, हे ते पाळत. भाकरीचं ताट आलं की न घेता पुढे सरकवत. आई चिडायची, “पाप त्यांचं, अन् उपाशी तुम्ही!” मी परदेशी जाणार आणि बाबा असेच राहणार, याचीच मला भीती होती.

काका लांब, पाण्याच्या नळापाशी उभे होते. म्हणून प्रार्थनेला बाबांनीच डोळे मिटले, “हे प्रभू” म्हणाले आणि अडकलेच. गार्डची शिटी झाली. बाबांनी डोळे उघडून हाक मारली, “भाऊ, या ना. पोर चालनी. प्रार्थना तुम्हीच करा.”

काका नळापासून पुढे आले. सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना त्यांनी धरली. ‘आम्ही जशी क्षमा करतो, तशी आम्हाला कर’ या ओळीवर त्यांना रडू फुटलं, ती ओळ बाबांनी पुरी केली. गाडी हलली होती. आमेन मी डब्याच्या दारातून म्हटलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. “घेतली गं बाई, तुझ्या बाबांनी भाकर घेतली.”

इथं आयर्लंडला वॉर्डात कुणी टाकून बोललं, की माझ्याही मनात अढी बसते. मी बाबांचीच लेक. पण आमच्या घरात क्षमा उशिरा का होईना आली आणि टिकली, म्हणून मी देवाचे आभार मानते, आणि बोलणं टाकत नाही.

आता घर म्हटलं की मला देवळातला आमचा बाक दिसतो. नाताळात सुट्टीवर गेले, तर दोघे भाऊ त्यावर इतके ऐसपैस बोलत बसलेले, की मला मागच्या बाकावर जावं लागलं. इतक्या आनंदानं मी कधी मागं बसले नव्हते.