थांबाताई

माझ्या नणंदेला तिच्या ऑफिसात थांबाताई म्हणतात. कामच तसं आहे. कमांड शेल म्हणून कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी असते. तिच्यात हुकूम टाइप करून एंटर दाबलं की तो लगेच पाळला जातो. पण हुकूम चार-पाच ओळींचा असला, तर शेवटची ओळ येईपर्यंत खिडकीने गप्प बसायला हवं. ती बसते का, हे वन्सं तपासतात.

सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून त्या हे काम घरूनच करतात, वडिलांच्या पलंगाशेजारी टेबल लावून. आम्ही वेगळे राहतो. रविवारी जायचो, सल्ले द्यायचो आणि जेवून परत यायचो. दुरून डोंगर साजरे.

एकदा माझ्यासमोरच वन्संनी हुकमातली मधली ओळ मुद्दाम कोरी सोडली. खिडकीला वाटलं, संपलं. 'फायली पुसून टाक' एवढं वाचून तिने चाचणीसाठी ठेवलेल्या सगळ्याच पुसल्या. कोणत्या ठेवायच्या ते खालच्या ओळीत होतं. वन्संनी काम परत पाठवलं. ती खिडकी बनवणारा प्रोग्रामर फोनवर कुरकुरायला लागला, की मध्ये कोरी ओळ सोडतोच कोण?

"माणसं सोडतात," वन्सं म्हणाल्या. "ओळ कोरी आली म्हणजे बोलणं संपलं, असं नसतं."

मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ.

सासरेही आता तसंच बोलतात. दोन शब्द, मग लांबलचक शांतता, मग पुन्हा दोन शब्द. आमचे हे म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बापाचं वाक्य स्वतःच पुरं करून मोकळे होतात.

एका रविवारी विषय वृद्धाश्रमाचा होता. यांनी जागा बघून ठेवली होती, संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. वन्संना ते मुळीच नको होतं. शेवटी ठरलं, बाबा म्हणतील तसं. यांनी त्यांना विचारलं. सासरे बराच वेळ छताकडे बघत राहिले.

"ठेवा... मला तिथे."

यांनी खिशातून फोन काढलासुद्धा. वन्संचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी भावाच्या मनगटावर हात ठेवला.

"थांब, दादा. बाबांचं संपलं नाहीये अजून."

आम्ही बसून राहिलो. मोरीतला नळ ठिबकत होता. मला ती शांतता सोसेना, चहाच्या निमित्ताने मी उठणारच होते.

"ही... दमली असेल तर," सासरे म्हणाले. मग मोठ्या कष्टाने त्यांनी मान लेकीकडे वळवली. "दमलीस का गं?"

इतक्या दिवसांत हे वन्संना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही. त्यांचे डोळे भरून वाहायला लागले.

"दमलीच आहे ती, दिसतंय की," हे बोलायला लागले, तोच सासऱ्यांनी आपला चालता हात वर केला. हे गप्प झाले. लग्न झाल्यापासून यांना इतका वेळ गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"दमलेय, बाबा," वन्सं म्हणाल्या. बऱ्याच वेळाने पुढचं आलं. "पण तुम्ही मला इथेच हवे आहात."

यांनी फोन खिशात ठेवला.

आता आम्ही शनिवारीच मुक्कामाला जातो. रात्री सासऱ्यांपाशी हे बसतात, आणि वन्सं आतल्या खोलीचं दार लावून झोपतात.