धाकटीच्या गॅलरीचे पाय

माझ्या धाकट्या जावेचं मॉडेल चुकावं, असं मला मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कोणी मला भली बाई समजायला नको.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या साली मी लग्न होऊन आसगावला आले. माहेर सिहोऱ्याचं, धानवाल्यांचं. शिक्षण सिव्हिलचं, आणि नोकरी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिक्स शिकवायची. फळ्यावर तुळई काढायची, तिच्यावर भाराचे बाण मारायचे आणि खडूनं पांढरे झालेले हात घेऊन घरी यायचं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आल्यागेल्याला सांगायचे, "हे आमच्या घरची इंजिनियर होय." गावात कोणाच्या स्लॅबला भेग पडली की मला बोलावणं यायचं. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग बऱ्याच वर्षांनी धाकट्या दिराचं लग्न झालं. धाकटी पवनीची, विणकरांच्या घरातली. एम.टेक. झालेली, तेही स्ट्रक्चर्समध्ये. मी कागदावर जे गणित दुपारभर घासायची, ते तिचा लॅपटॉप चहा उकळेपर्यंत करून द्यायचा. वर दिसायला गोरी, बोलायला गोड आणि भाकरी गोल. माणसानं जळायचं नाही म्हटलं तरी किती दिवस?

दिवाळी झाली की आमच्याकडं मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात आणि भर दुपारी दंडार नाचते, नाचगाण्यांचं आमचं लोकनाट्य. त्या वर्षी मंडळानं ठरवलं की पाहणाऱ्यांसाठी लोखंडी पाईप आणि फळ्यांची पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी उभी करायची. गावाच्या आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मैदानावर, तेवढी जागा नव्हती, म्हणून बाजूची धान कापून मोकळी झालेली बांधी घेतली. मामाजी मंडळाचे अध्यक्ष. जेवताना म्हणाले, "घरातच इंजिनियर आहे, तर बाहेरचा कायले पाहिजे?" मी घास ताटात ठेवला आणि नीट बसले. वर पाहिलं, तर मामाजी धाकटीकडं पाहत होते.

भाजीत मीठ कमी आहे एवढंच मी त्या रात्री बोलले.

धाकटीनं ओसरीवर लॅपटॉप मांडला आणि मॉडेल करायला घेतलं. अख्खी गॅलरी तिनं पडद्यावर उभी केली, एकेका पाईपाचे बारीक तुकडे पाडले आणि त्यांवर माणसांचा भार ठेवला. कोणता तुकडा किती वाकतो ते रंगात दिसायचं. निळा म्हणजे निवांत, लाल म्हणजे धोका. सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या बघायला. "अवो बाई, सारी निळी निळी दिसून राहिली," म्हणत कौतुक. माझ्या फळ्यावरची तुळई बघायला एवढ्या वर्षांत कोणी आलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर धाकटी माझ्याकडं आली. "ताई, एकदा पाहून देता का? चुकलं असन तर सांगा."

"सवड झाली तर पाहीन," मी म्हटलं. आणि भांडी घासून झाल्याबरोबर बसले.

इतक्या बारकाईनं मी कधी कोणाचं काम तपासलं नव्हतं. पोरांचे पेपर तर नाहीच नाही. भार पाहिला, बरोबर. पाईपाची जाडी पाहिली, बरोबर. लोखंडाचे सगळे आकडे पाहिले, तेही बरोबर. दुसऱ्या दिवशी परत सगळं पहिल्यापासून काढलं. जीव जळत होता. मग पाय पाहिले. खालचे सगळे पाय तिनं जमिनीत पक्के गाडलेले धरले होते, तसूभर न हलणारे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणायच्या निमित्तानं मी बांधीकडं गेले. वरून भेगाळलेली, कोरडी दिसत होती. पाय ठेवला तर टाच आत. सिहोऱ्याच्या पोरीला हे कोणी शिकवायला नको. आणि पाईप काही तिथं गाडणार नव्हते, डेकोरेशनवाला ते नुसते फळीवर टेकवतो. इतकी खूश मी मंगळसूत्र घडवलं तेव्हाही झाले नव्हते.

एकटीला सांगायचं? छे. सगळे जेवायला बसल्यावर मी विचारलं, "काहून वं, तुझ्या गॅलरीचे पाय कशात रोवले तू?"

"जमिनीत, ताई. आमच्याकडं मागाचे खुंट गाडलेले राहते ना, ते कधी हलत नाई."

"हे माग नाही, बांधी आहे. पाय फळीवर नुसते टेकतील. एखादा दबला, वरून लोकं नाचले, तर?"

धाकटीनं हात धुतला, लॅपटॉप आणला, पाय सोडवले, वरून आडवा धक्का दिला. पडद्यावरची गॅलरी एका अंगाला कलली आणि खालून वर लालच लाल झाली. मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग मी सांगितलं तसे तिरपे पाईप घातले, पायांखाली विटा आणि रुंद फळ्या दिल्या, आणि मंडईच्या दुपारी गॅलरी माणसांनी भरली. दंडार रंगात आली तेव्हा माईकवाला म्हणाला, "या बैठकीसाठी अध्यक्षांच्या घरची इंजिनियर, धाकट्या सूनबाई, यांचे आभार." टाळ्या. माझे तिरपे पाईप मला खाली दिसत होते, आणि नाव तिचं.

धाकटी पायऱ्या चढून माझ्याशेजारी आली. "रागावल्या?"

"मी कायले रागावू?"

"माझे सर सांगायचे, मॉडेल आपल्या माणसाले दाखवू नका, ते मस्तच म्हणते. आपलं चुकलं तर ज्याले गंमत वाटन, त्याले दाखवा." ती दंडारीकडंच पाहत होती. "घरात मले तुम्हीच दिसल्या."

सगळं माहीत असून हिनं माझ्या जळण्याला कामाला लावलं होतं.

"पुढच्या वर्षी मॉडेल तुम्ही करा," ती म्हणाली, "मी तपासतो."

"माझं चुकलं तर तुले गंमत वाटन?"

"लय. आली तेव्हापासून ऐकून राहिली. मोठी अशी, मोठी तशी, मोठीच्या हातचा वडाभात. मग मी का जळत नाई?"

मी सरकून तिला जागा दिली. तेवढ्यात खाली नाच्यानं अशी गिरकी घेतली की सगळी गॅलरी उठून पाय आपटू लागली. आम्ही दोघी एकदमच वाकलो आणि पाईपांचे पाय पाहिले.

एकही हलला नाही. मला थोडं वाईट वाटलं, गॅलरी तिच्या नावाची होती ना. धाकटीकडं पाहिलं. पाय टिकले होते ते माझ्या तिरप्या पाईपांमुळं, आणि तिचंही तोंड जरा उतरलंच होतं.