उजव्या सीटचं गाणं

भाग्यलक्ष्मीच्या पिकअपमध्ये मोठी म्युझिक सिस्टिम बसतेय, ही बातमी हैदराबादेत चिक्कडपल्लीतल्या नातेवाइकांत जितक्या झपाट्यानं फिरली, तितक्या झपाट्यानं तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचीही फिरली नव्हती. तेव्हा दवाखान्यात डबा पोचवायला कुणाला सवड नव्हती. आता जो तो वाट वाकडी करून यायचा आणि एकच विचारायचा, "कशासाठी?"

"ऐकायला," भाग्यलक्ष्मी म्हणायची.

हे उत्तर कुणालाच पटायचं नाही. पन्नाशीची बाई, नवरा गेलेला, सुलतान बाजारातून वह्या-पुस्तकांचे गठ्ठे भरून जामबागच्या आणि पलीकडच्या शाळांत पोचवते. तिनं मालाच्या गाडीत गाणी ऐकायची? नाकापेक्षा मोती जड, असं एका मावससासूनं तोंडावर सुनावलं. भाग्यलक्ष्मीचं नाक चांगलं सरळ आणि धारदार होतं. तिनं ते आणखी वर केलं आणि चहा पुढे ठेवला.

खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, पण ते तिला स्वतःला नीट ठाऊक होतं. गाडी नवऱ्याच्या, एकनाथरावांच्या हातात होती तेव्हा ती डाव्या सीटवर बसायची. हिशेबाला, सोबतीला, बिस्किटाचा पुडा फोडून द्यायला. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण तिनं रेडिओ लावला, की गाणं अंतऱ्यावर येतं न येतं तोच त्यांचा हात पुढे यायचा आणि बटण बंद व्हायचं. "डोकं उठतं," एवढंच म्हणायचे. उरलेलं गाणं ती मनातल्या मनात पुरं करायची. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. तिनं धरला होता, आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती.

ते गेल्यावर थोरले दीर प्रतापराव म्हणाले, विकून टाक, बाईमाणसाला झेपायचं नाही. भाग्यलक्ष्मीनं गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली, शिकली, लायसन काढलं आणि त्याच शाळांच्या फाटकांवर त्याच गठ्ठ्यांसह जाऊन उभी राहिली. पहिल्यांदा गिअर कराकरा वाजले तेव्हा हसणारे पुष्कळ होते. पुढे हसणारे दमले, ती दमली नाही.

कोठीच्या मागच्या गल्लीत खाजाभाईंचं कार ऑडिओचं दुकान. भाग्यलक्ष्मी तिथे पिकअप घेऊन गेली तेव्हा त्यांना वाटलं, वरातीचं काम आलं.

"अम्मा, बेस कित्ता होना? पब्लिक कू सुनाना है ना?"

"पब्लिक गई चूल्हे में," ती म्हणाली. "मेरेकू सुनना है."

खाजाभाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं आणि कामाला लागले. दारांची आवरणं काढून आतल्या पत्र्यावर काळ्या जाड पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. सीटमागच्या बोटभर जागेत बसेल असा चपटा खोका बनवून त्यात बेसचा स्पीकर घातला. बॅटरीपासून जाडजूड वायर ओढली. डिझेल इंजिनाची घरघर गाण्यात उतरू नये म्हणून एका जागी रंग खरवडून, उघड्या लोखंडावर तारेचं टोक कसलं. भाग्यलक्ष्मी स्टूल टाकून सगळं बघत होती. शाळांना सुट्टी होती आणि तिला घरी जायची मुळीच घाई नव्हती.

सगळ्यात शेवटी आलं आवाज जुळवण्याचं काम. ड्रायव्हरला उजव्या दारातला स्पीकर जवळचा आणि डाव्या दारातला लांबचा. म्हणून जवळच्याचा आवाज एक निमिष रोखून धरायचा, म्हणजे दोन्ही एकदम कानाशी पोचतात आणि गाणारा माणूस बरोबर समोर, काचेच्या मधोमध उभा राहिल्यासारखा वाटतो. पण हे नीट जुळतं एकाच सीटसाठी. खाजाभाई स्वतः सीटवर बसले, डोक्याशी माइक धरून यंत्रावर आकडे फिरवले आणि खूश होऊन उतरले. "बैठो अम्मा. एक नंबर!"

भाग्यलक्ष्मी चढली. खाजाभाई ताडमाड उंच, त्यांनी सीट पार मागे नेलेली. तिनं ती नेहमीसारखी पुढे ओढली, पाठीशी उशी घेतली, गाणं लावलं. गाणारी बाई समोर नव्हतीच. ती उजव्या आरशाशी कुठेतरी, लोंबकळत गात होती.

"हे बरोबर नाही," ती म्हणाली.

"सब्बों कू यहीच सेटिंग करतूं अम्मा. थोडा पीछे सरको, ठीक लगता."

झालं. भाग्यलक्ष्मीच्या कानशिलाची शीर उडायला लागली. उभ्या जन्मात तिला हेच ऐकायला मिळालं होतं, जरा सरक, जरा मागे हो, सगळ्यांना असंच असतं.

"कायकू सरकू? पीछे गई तो पैर नै पहुँचते मेरे. सब्बों का मेरेकू नक्को. मैं जिधर बैठतूं, उधर लगाओ."

खाजाभाई ओशाळं हसले. त्यांच्याकडे आजवर आलेली यच्चयावत गिऱ्हाइकं पुरुष होती, आणि बाईची सीट कुठे असते हे बघायची वेळच आली नव्हती. त्यांनी तिच्या कानाच्या उंचीवर माइक बांधला, तिला हलू नका म्हणाले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. मग काच बंद करून बाजूला झाले.

आता गाणारी बाई समोर उभी राहून गात होती. दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. अंतरा आला, पुरा झाला, पुन्हा ध्रुवपद आलं. कुणाचाही हात पुढे आला नाही. भाग्यलक्ष्मी रडली, चांगली पदरानं डोळे पुसत रडली, आणि खाजाभाईंनी समजूतदारपणे पान खायला जायचं निमित्त काढलं.

महिनाभरात प्रतापराव आले, येताना पेढे घेऊन. त्यांच्या मुलाचं, अभिजीतचं लग्न ठरलं होतं.

"गाडी घरचीच आहे," ते म्हणाले. "तुझे ते स्पीकर काढून मागं हौद्यात लावू. आणखी दोन जोडू. वरात अशी दणकवू की सगळं चिक्कडपल्ली बघत राहील."

"नाही, भावजी."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. लग्नाला येईन, पडेल ते काम करीन. स्पीकर निघायचे नाहीत."

प्रतापरावांचा चेहरा उतरला, मग तापला. "कानामागून आली आणि तिखट झाली! मग आमच्या आवारात ती गाडी उभी राहायची नाही. सांगून ठेवतो."

आवार प्रतापरावांच्या नावावर होतं. रात्री फाटकाला कुलूप असायचं, म्हणून तर आदल्या संध्याकाळी माल भरून ठेवता यायचा. ते गेलं, तर पहाटे उठून एकटीनं गठ्ठे चढवणं आलं, आणि शाळेत वेळेवर पोचली नाही तर कामही जाणार. भाग्यलक्ष्मीनं कनवटीची फाटकाची किल्ली काढून पेढ्यांच्या पुड्यावर ठेवली, खाली उतरली आणि तेव्हाच्या तेव्हा पिकअप बाहेर काढली.

त्यानंतर गाडी खाजाभाईंच्या गल्लीत उभी राहू लागली. गठ्ठे पहाटे चढवावे लागायचे. कंबर बोलायची, आणि भाग्यलक्ष्मी तिच्यावर गाण्याचा आवाज चढवायची. एकही शाळा सुटली नाही.

लग्नाला ती गेली, ठेवणीतलं पातळ नेसून. नवरदेवाला ओवाळलं, पंगतीत वाढलं. वरातीला भाड्याचा डीजे आणला होता आणि त्याच्या दणक्यात सनई मुकी झाली होती. जेवणं आटोपल्यावर ती बाहेर आपल्या पिकअपमध्ये येऊन बसली. तेवढ्यात थोरली जाऊ, प्रतापरावांच्या कुसुमताई, मंगल कार्यालयाच्या पायऱ्या उतरून आल्या.

"भाग्या, मलाही ऐकव की गं. एवढं महाभारत झालं ज्याच्यापायी, ते आहे तरी काय?"

आणि सवयीनं त्या डाव्या दाराकडे वळल्या.

"ताई, तिकडे नको. तिथून नीट ऐकू येत नाही." भाग्यलक्ष्मी खाली उतरली. "इकडे बसा."

"अगं, मला कुठे गाडी येते!"

"चालवायचीय कुणाला? बसा."

दोघी जावा एकाच चणीच्या. सीट हलवावी लागली नाही. भाग्यलक्ष्मी वळसा घालून डाव्या सीटवर येऊन बसली. कुसुमताईंनी लहानपणी रेडिओवर ऐकलेलं एक नाट्यपद मागितलं, तेही चाचरत. ते सुरू झालं, आणि त्यांचा हात स्टीअरिंगवर तसाच राहिला.

पद निम्म्यावर आलं असेल, तोच प्रतापराव तरातरा आले आणि काचेवर टकटक करू लागले. "कुसुम! आहेराच्या साड्या कुठे ठेवल्यास? पाहुणे निघालेत! बंद कर ते!"

कुसुमताईंचा हात बटणाकडे गेला. डाव्या सीटवर भाग्यलक्ष्मीनं डोळे मिटून घेतले. असा पुढे येणारा हात तिनं जन्मभर पाहिला होता.

आवाज वाढला.

"संपू दे," कुसुमताई समोर बघत म्हणाल्या.

डाव्या सीटवरून गाणं काही नीट ऐकू येत नव्हतं. भाग्यलक्ष्मी शेवटपर्यंत तिथेच बसून राहिली.