एकाच कोटातले बाप

आमच्या गावात एके काळी फोटो काढणारा एकच होता आणि त्याच्याकडे कोटही एकच होता. काळा, रुंद खांद्यांचा, कोपरावर विरलेला. येईल त्या पुरुषाला तो हा कोट घालायला लावायचा, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं करायचा आणि म्हणायचा, "श्वास धरा." बारीक माणसाच्या पाठीमागे कोटाला चिमटे लावावे लागायचे, जाड्याची बटणं उघडी राहायची. त्यामुळे परवा ग्रंथालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांनी आपापले जुने फोटो मांडले, तेव्हा गावाचे झाडून सारे बाप एकाच कोटात उभे होते. पोस्टमनने तर आपला समजून न्हाव्याच्या बापाला नमस्कार केला. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

टेलरबाईला मीच ओढून नेलं होतं. ती माझी लहानपणापासूनची मैत्रीण, शेजारीण, आणि हट्टीपणात माझी गुरू. वडिलांचा फोटो भिंतीवरून काढायला ती तयारच नव्हती.

"बाबांना असं उतरवलेलं आवडायचं नाही," म्हणाली.

"त्यांनाही भेटू देत की चार जुने दोस्त," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही, ते असं.

तिचे वडील दगडखाणीतल्या अपघातात गेले तेव्हा ती रांगत होती. आई दवाखान्याच्या चादरी धुवायची. शाळेत जायला लागल्यावर पोरीने एकदा हट्ट धरला, की सगळ्यांना बाबा आहेत, मला निदान बघायचे तरी आहेत. जेवेना, बोलेना. मग एका संध्याकाळी आईने फोटो आणला. तेव्हापासून तो भिंतीवर आणि ही त्याच्यासमोर. परीक्षेला जाताना त्याला सांगून जायची. पहिलं शिलाई मशीन घेतलं, ते आधी त्याला दाखवलं. एका शिक्षकाचं स्थळ आलं होतं तिला. चांगला माणूस होता हो, शांत, स्वतःचं घर असलेला. हिने नकार दिला. का, तर म्हणे बाबांचा चेहरा पडला होता. आम्ही तिला वेड्यात काढलं. पुढे दुसरं स्थळ आलं नाही, तिनेही मनावर घेतलं नाही. आई गेली त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते, तर उलट मलाच धीर देत म्हणाली, "बाबा आहेत ना."

तर हॉलमध्ये ती फोटोमागे खुर्ची टाकून बसली होती. दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, लेकीचा हात धरून. तरुणपणीच गाव सोडून गेलेले, त्यामुळे आमच्या वयाचं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. टेबलाजवळ थांबले, वाकून बघितलं आणि खूश होऊन ओरडले, "अरे, हा तर मी!"

सगळे हसले. सकाळपासून हेच चाललं होतं.

"काका, कोटाला फसलात," टेलरबाईही हसली. "हे माझे बाबा आहेत."

"छे गं! लाकडाच्या वखारीत होतो तेव्हाचा हा. पैसे देऊन काढला आणि न्यायचाच राहिला." त्यांनी आपला डावा हात फोटोशेजारी ठेवला. करंगळी अर्धीच होती. करवतीत गेलेली.

फोटोतल्या हाताची करंगळीही अर्धीच होती. तिच्या बाबांची ती करंगळी खाणीत गेली, असं ती मला शाळेत असल्यापासून सांगत आली होती.

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. मी आमच्या घड्याळवाल्या आजोबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. बाकीचे म्हातारेही तसेच.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तिच्या बापाने फोटो कधी काढलाच नव्हता," आजोबा म्हणाले. "पोरगी खात नव्हती. आई बिचारी फोटोवाल्याकडे जाऊन रडली. त्याने कुणी न नेलेल्यातला एक उचलून दिला. आम्हाला दिसत होतं, पण सांगणार कोण? आज सांगू, उद्या सांगू... राहून गेलं."

मला त्यांचा असा राग आला म्हणता! पण टेलरबाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती त्या गृहस्थांना विचारत होती, "माझ्या बाबांना ओळखत होतात तुम्ही? खाणीतले..."

"ओळखत होतो की. मोठ्याने हसायचा."

"दिसायचे कसे?"

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ प्रयत्न केला. "नाही आठवत गं," म्हणाले. "खोटं कशाला सांगू?"

मग म्हातारे एकेक करून बोलायला लागले. एक म्हणाला उंच होता, दुसरा म्हणाला बेताचाच. एकाला तो गोरा आठवत होता, एकाला सावळा. भांडायलाच उठले. ती मात्र प्रत्येकाकडे आशेने बघत होती. मग तिने बघणं सोडून दिलं.

गृहस्थांच्या लेकीला बिचारीला यातलं काही कळलं नव्हतं. ती फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा, तुमच्या तरुणपणचा एकही फोटो नाही आपल्याकडे."

"अगं, राहू दे तो त्यांना," गृहस्थ घाईघाईने म्हणाले.

"न्या," टेलरबाई म्हणाली. "तुमचेच आहेत."

फोटो पदराने पुसून तिने लेकीच्या हातात दिला. लेक आभार मानत राहिली. दोघं दारातून बाहेर पडेपर्यंत ही उभी होती.

आम्ही दोघी घराकडे निघालो. शाळेच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"बाबा गेले तेव्हा मी रांगत होते," म्हणाली. "मला काय कळणार? लोक रडत होते आणि मी म्हणे खेळत होते." तिने माझा दंड घट्ट धरला. "आज गेले गं ते."

आणि भर रस्त्यात, पिकल्या केसांची माझी मैत्रीण तोंड उघडं टाकून लहान पोरीसारखी रडायला लागली.