तीन रकाने, एकच उत्तर

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. वाशीमला कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी हंगामी कारकून होतो. हंगाम सरला की बारमाही ठेवतील की घरी धाडतील, हाच एक घोर. त्यात मालकांचा मुलगा मुंबईहून शिकून आला आणि माझ्या हाती वही देऊन मोकळा झाला. प्रत्येक कामकरणीला तीन प्रश्न विचारायचे: कामावर खूश आहेस का, कामात मन लागते का, जीन आपले वाटते का.

सरकी काढायच्या यंत्रांवर, म्हणजे रेच्यांवर, बायका बसत. जी खूश तिचे तिन्हींना 'हाव', जी वैतागलेली तिचे तिन्हींना 'नाई'. सगळ्यांत जुनी बाई तर माझ्यावरच घसरली. "एकच गोष्ट तीनदा काहून इचारून राह्यला रे? पोरगी सुखात हाये का, तिले करमते का, घर आपलं वाटते का, मायले कसंबी इचार, थे येकच सांगन!"

धाकट्या मालकांनी वही पाहिली आणि प्रत्येकीच्या तिन्ही रकान्यांत एकच उत्तर बघून ते भडकले. "घरी बसून भरलीस! संध्याकाळपर्यंत नीट आण, नाहीतर गावची वाट धर." हेडकारकून कानाशी लागले, "दोन-चार ठिकाणी उत्तरं बदल ना, कोण बघतं?"

टाक बुडवलासुद्धा. पण मी पडलो तापट. खोटे लिहायच्या विचारानेच मस्तक फिरले. तसाच धाकट्या मालकांकडे गेलो आणि म्हणालो, "चला, तुम्हीच पाहा."

आदल्याच दिवशी संक्रांत झालेली. वाण लुटण्याआधी आपल्या रेच्याला हळदकुंकू लावायची तिथल्या बायकांची रीत होती. सक्ती कोणावरच नव्हती; जिला मनापासून वाटे तीच लावी. धाकटे मालक वही घेऊन रांगेने फिरले. जिथे तीन 'हाव' तिथे कुंकू. जिथे तीन 'नाई' तिथला रेचा कोरडा ठणठणीत. शेवटी ते खो खो हसू लागले.

"हे कुंकू कोणत्या रकान्यात घालायचं?"

"तिन्हींत," मी म्हणालो.

"आणि तुझं काय? तुला जीन आपलं वाटतं?"

नोकरीच्या लोभाने 'हो' ओठांवर आले होते, पण जुनी बाई मधेच कडाडली, "त्याले कायले इचारता? थो भोंग्याच्या आधी येते. पन या जिनात त्याले आपलं कोन म्हनते? आधी तुमी म्हना!"

धाकट्या मालकांनी वही मिटून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आपला," ते म्हणाले. "बारा महिने."