उपाशी गेलेला पाहुणा

नव्या चपलांच्या खोक्याचा वास आला, की मला तो तांबट आठवतो. कांदिवलीच्या आमच्या घरी खिडकीच्या काचेवर आपटून तो पक्षी गॅलरीत पडला होता. अंग हिरवं, कपाळ लाल, डोळे मिटलेले. एका पक्षिमित्राने फोनवर सांगितलं, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, खायला-प्यायला काही देऊ नका. आई मालवणची, तिला हे पटेना. “दारात इल्या जीवाक उपाशी ठेवतंस?” म्हणत ती पेजेची वाटी घेऊन दोनदा आली, दोनदा मी तिला परत पाठवलं. तासाभराने खोक्यात खरखर झाली. झाकण उघडताच तो समोरच्या उंबरावर जाऊन टुकटुक करू लागला. वाटी हातात धरून आई हसत सुटली. “जेवक सुद्धा थांबलो नाय.” काल मी नव्या चपला आणल्या, तर खोक्याला तिने आधीच भोकं पाडून ठेवलीत.