सीट भरली की शर्यत सुटणार!

किश्शांचं आमच्याकडच्या टमटमसारखं असतं. भरली म्हणावी, तर तेवढ्यात आणखी एकजण "सरका की थोडं" म्हणत टेकतोच. मी बोरवाडीच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि गावच्या जत्रेत टमटमच्या शर्यतीचं माईकवरून समालोचन केलं. शाळेतलं फारसं आठवत नाही. शर्यतीचा मात्र एक किस्सा काढला की मागून चार येतात आणि आमच्या मंडळी आतून ओरडतात, "उठा आता, चहाचं पार पाणी झालं!"

ज्यांनी टमटम पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तीन चाकं, डिझेलचं इंजिन आणि मरणाचा धूर. मागं सहा माणसं बसतील असं कंपनीनं ठरवलेलं, आणि चौदा बसतात हे आम्ही ठरवलेलं! महाशिवरात्रीच्या जत्रेत, तूर काढलेल्या मोकळ्या रानात, गोल तीन फेऱ्या मारायच्या. जो जिंकेल त्याच्या गाडीत महादेवाचा मुखवटा बसवून गावभर मिरवणूक. बक्षीस म्हणाल तर एवढंच, पण त्यासाठी लातूरकडच्या मुरूडपासूनचे ड्रायव्हर जीव टाकायचे.

* * *

पहिल्या वर्षीची गोष्ट. नऊ गाड्या रेषेवर उभ्या, इंजिनं धडधडतायत. कमिटीचे अध्यक्ष अप्पा, म्हणजे मुरूडला टायर-ऑइलचं दुकान असलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढलेले भारदस्त गृहस्थ. त्यांनी शिट्टी मारली. मी माईकवर ओरडलो, "आणि सुटल्याऽऽ!"

एकही सुटली नाही.

अप्पांनी पुन्हा शिट्टी मारली. ड्रायव्हर आपले निवांत, कुणी तंबाखू मळतोय, कुणी आरशात भांग पाडतोय. शेवटी मी माईक टाकून पळत गेलो. म्हटलं, "अरे, काय करायलात? सुटा की!"

पहिल्या गाडीतल्या सोपाननं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच येडा आहे.

"मास्तर, सीट कुठं भरलीय?"

मग काय! बघायला आलेली माणसं धरून धरून गाड्यांत कोंबली, तेव्हा कुठं शर्यत सुटली. तेव्हापासून आमच्या शर्यतीत प्रवासी कंपल्सरी. त्यातही दुसऱ्या फेरीला एक म्हातारबा "थांब थांब, माझं शेत आलं" म्हणून मधेच उतरून गेले.

* * *

हा सोपान म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर. टमटम अशी चालवायचा की मागं बसलेल्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं व्हायचं नाही. पण सात वर्षांत एकदाही जिंकला नाही, कारण त्याला एक रोग होता. कुणी हात केला की त्याचा पाय ब्रेकवर जायचा.

एका साली तिसऱ्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढं होता. कडेला एका बाईनं डोक्यावरचा पदर सावरायला हात वर केला. सोपान थांबला! "या मावशी, कुठं जायचं?" मावशी म्हणाली, "कुठंच न्हाई." तोवर पाच गाड्या पुढं.

दुसऱ्या साली एका पोरानं पतंग झेलायला हात वर केला. तिसऱ्या साली तर शेतातल्या बुजगावण्यासाठी थांबला!

मी विचारलं, "अरे, बुजगावणं रे ते! दिसलं न्हाई का?"

"दिसलं की. पन मास्तर, हात दिसला की पाय आधी दाबतो. डोकं मागून येतंय."

सगळे हसले, मीही हसलो. पण मिरवणूक निघाली की सोपान कडेला उभा राहून बघायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "मास्तर, सगळ्या गावाला बसवलं म्या ह्या गाडीत. नवरी बसवली, मयताची मानसं बसवली. तेवढा देव बसायचा राह्यलाय." मी उगाच त्याच्या गाडीचा आरसा पुसत बसलो.

* * *

पुढं गर्दी आटायला लागली. लातूरला ट्यूशनचा धंदा असा पेटला की दहावी झालेलं प्रत्येक पोर तिकडं. जत्रेला पोरंच नाहीत! जी यायची ती हातात फिजिक्सच्या नोट्स घेऊन. एक पोरगं तर निकराच्या फेरीला डोळे मिटून फॉर्म्युला पाठ करत होतं.

अप्पा वैतागले. मुरूडच्या स्टँडजवळच्या हॉटेलात कमिटीची बैठक बोलावली आणि बजावलं, "शर्यतीत काय तरी नवीन करा. औंदाची अन् पुढची, दोन जत्रा बघनार. मानसं न्हाई आली तर शर्यत बंद. उगं ढेकळं तुडवायला कशाला पायजे?"

सोपान शेजारच्या बाकावर होता. हातातली बशी तशीच राहिली त्याची.

माझे साडू नांदेडहून आले होते. त्यांच्याकडं नवीनच केबल आलेली, त्यामुळं ते जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलायचे. म्हणाले, "परदेशात साध्याच मोटारींची शर्यत असते. नुसत्या गोल गोल फिरतात. तिथंही म्हणे माणसं कमी झाली. मग रोज नवा नियम! शर्यतीचे तुकडे केले, मधे ब्रेक ठेवला, तुकड्या-तुकड्याला पॉइंट. आणि बघणारे आपसात भांडतायत, जुनं बरं का नवं बरं!"

अप्पांना ब्रेक फार आवडला. म्हणाले, "ठेवा. तीन फेऱ्या, मधे दोनदा चहा."

ठेवला. पहिली फेरी झकास झाली. चहाला सगळे प्रवासी उतरले ते थेट जत्रेत पांगले, कुणी पाळण्यात, कुणी भज्याच्या गाड्यावर. दुसरी फेरी सुटायची वेळ झाली, अप्पांनी शिट्टी मारली.

सोपाननं खिडकीतून डोकं काढलं. "अप्पा, सीट!"

* * *

त्याच जत्रेत एक झालं. ते सांगू का नको असं होतं, पण सांगतोच.

अकरा गाड्यांची इंजिनं एकदम चालू झाली, आणि रानाला लागून असलेल्या गल्लीत मांडणीवरची भांडी थरथरली. भूकंपाला काही वर्षं झाली होती, पण भांडं वाजलं की आमच्याकडं अजून काळजात धस्स होतं. किल्लारीकडं ज्यांची माणसं गेली त्यांच्यावर हसायची माझी छाती नाही, माझी स्वतःची आत्या तिकडचीच. पण त्या दिवशी आख्खी गल्ली पोरंबाळं, शेळ्या, अंथरुणं घेऊन धावत रानात आली! पाहतात तर समोर टमटमा.

एक म्हातारी कमरेवर हात ठेवून अप्पांवर धावली. "मुडद्यांनो, जीव घेता का आमचा?"

मी माईक सोडून दोन्ही हात जोडले. म्हातारी मग तिथंच अंथरूण टाकून बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. वर "त्या निळ्या गाडीला म्हनावं, पळ की रांडंच्या" असं समालोचनही केलं, माझ्यापेक्षा बरं!

अप्पा गर्दीकडं बघत मला हळूच म्हणाले, "मास्तर, हाच फॉरमॅट चांगलाय."

असलं बोलले म्हणून मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही.

* * *

मग आले बिरादार सर. मूळचे आमच्याच गावचे, लातूरला फिजिक्सचे क्लासेस, तीन मजली. म्हणाले, "तुमच्या शर्यतीत सिस्टीम नाही. लातूर पॅटर्न लावा!"

म्हणजे काय, तर जत्रेच्या आधी टेस्ट सिरीज. कडब्याच्या पेंढीला गाडी घासली तर निगेटिव्ह मार्क, वळणावर प्रवासी सांडला तर दोन निगेटिव्ह. पहिल्याच टेस्टला सगळे ड्रायव्हर शून्याच्या खाली गेले. पहिला आला तो उणे चारला! सरांनी तरी गुणवंतांचा बॅनर लावला, फोटोसकट. उणे चारवाल्याच्या आईनं त्याला ओवाळलं.

लेखी परीक्षाही झाली. सोपानचा पेपर मी स्वतः तपासला. प्रश्न होता, "ब्रेक केव्हा दाबावा?"

सोपाननं लिहिलं होतं, "गिऱ्हाईक दिसल्यावर."

* * *

पण सर चिकाटीचे. म्हणाले, "याला रिपीटर बॅचमध्ये टाका. मी घडवतो याला."

रोज सकाळी लातूर रोडवर क्लासची दहा पोरं हात वर करून उभी करायचे आणि सोपाननं न थांबता जायचं. पहिल्या दिवशी दहाच्या दहा पोरांना तो क्लासवर सोडून आला. चौथ्या दिवशी पाच. आठव्या दिवशी शून्य! त्या दिवशी सर स्वतः शेवटच्या परीक्षेला गाडीत बसून गेले आणि गावापासून लांब उतरले. "इथं मी हात करतो. तू वळून ये आणि थांबू नकोस. काही झालं तरी थांबू नकोस."

सोपान वळून आला, थांबला नाही. सरांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला परत जायचंय. त्यांनी दोन्ही हात वर केले. सोपाननं रेस वाढवली!

दीड तासानं सर घामाघूम होऊन चालत आले. सोपान पारावर बसला होता.

"सर, पास का?"

* * *

अप्पांच्या मुदतीतल्या शेवटच्या जत्रेला मात्र कमालच झाली. शर्यत बंद होणार अशी आवई उठली आणि तालुका लोटला! लातूरची पोरं सुट्टी काढून आली. इतकी वर्षं न आलेली माणसं म्हणायला लागली, "बंद कशापायी करता? आमी येतच व्हतो की!"

सोपाननं गाडी धुऊन झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मेकॅनिक मकबूलचाचांनी इंजिन उतरवून पुन्हा चढवलं होतं. मागच्या सीटवर सोपानची बायको कौसल्या, खास कामगिरीवर. पाय ब्रेककडं गेला की पाठीत बुक्की घालायची. मी माईकवर दहा वेळा सांगितलं, "मायबाप, विनंती हाय, शर्यत संपेपर्यंत कुणीही हात वर करू नये! पदर आधीच सावरून घ्यावा!" आणि खरं सांगतो, एवढ्या गर्दीनं खिशात, पदराखाली, काखेत हात घातले. टाळीसुद्धा वाजवली नाही कुणी.

पहिली फेरी सोपान पुढं. दुसरी फेरी, अजून पुढं. तिसऱ्या फेरीला मागच्या गाड्या नुसत्या धुरळ्यात! मी माईकवर काय बरळत होतो मलाच माहीत नाही. आला, आला, वळण मारलं, समोर फक्कीची पांढरी रेषा, रेषेवर अप्पा.

सरांनी शेवटची एक सुधारणा केली होती. रेषेवर विलायती पद्धतीनं काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा दाखवायचा. झेंडा मकबूलचाचांच्या लुंगीचा. गाडी जवळ येताच अप्पांनी झेंडा धरून हात वर केला.

कच्चकन ब्रेक! रेषेच्या चार हात अलीकडं.

"या अप्पा, कुठं जायचं?"

कौसल्या दोन्ही मुठींनी त्याच्या पाठीत बदडत होती. "अवो, रेषा! म्होरं रेषा हाय!"

सर डोकं धरून ओरडले, "सोपान! अरे, काय शिकवलं होतं?"

"सर, अप्पांचा हात सिलॅबसमधी नव्हता!"

"मुडद्या, मला कुठं जायचंय? जा म्होरं!" अप्पा किंचाळले.

"जातो की. बसा तर खरं."

धुरळा जवळ येत होता. अप्पांनी धुरळ्याकडं पाहिलं, सोपानकडं पाहिलं, कमरेचं धोतर आवळलं आणि झेंड्यासकट गाडीत जाऊन बसले. अध्यक्षानं असं करावं का, ते मला विचारू नका.

तरी गाडी हलेना. सोपाननं मान बाहेर काढली.

"अजून एक सीट. लगीच निघू."

मी माईक खाली ठेवला आणि त्या वयात जसा पळालो तसा जन्मात पळालो नाही. कौसल्यानं दंडाला धरून मला आत ओढलं. सोपाननं गिअर टाकला. गाडीनं रेषा ओलांडली तेव्हा अप्पा खिडकीतून स्वतःच झेंडा फडकावत होते आणि मागची गाडी आमच्या धुरात खोकत होती. लोकांचे सगळे कोंडलेले हात एकदम वर गेले. हजारो हात!

आता काय बघता? सोपाननं डोळे गच्च मिटले, रेस पिळली आणि रानातून रस्त्यावर, रस्त्यावरून सुसाट. आम्ही ओरडतोय, कौसल्या बुक्क्या घालतेय, पण हात दिसला तरी थांबायचं नाही हे त्याला आत्ता कुठं आठवलं होतं. गाडी थांबली ती थेट मुरूडच्या स्टँडवर.

"उतरा. मुरूड."

अप्पा उतरले. हातात लुंगी, भस्म सगळं घामानं वाहिलेलं. त्यांनी सोपानची गचांडी धरली. "अरे, जिंकलास की रं तू!"

"कोन? मी?"

"मग काय मी? महादेव ताटकळलाय तिकडं! मुखवटा घेऊन आख्खं गाव उभं हाय. चल माघारी, बसव देवाला!"

सोपान तसाच उभा राहिला. कौसल्याकडं पाहिलं, ती पदर तोंडात धरून रडत होती. मग त्यानं खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले, गाडीला हात लावून पाया पडला, आम्हाला मागं बसवलं, आणि स्टँडकडं तोंड करून ओरडला,

"चला बोरवाडी, बोरवाडी! तीन सीट, तीन सीट! लगीच निघालोऽऽ!"